ऑपरेशननंतरचे बारा आठवडे

(धंतोली, नागपूर येथील आरोग्य-संवादात केलेले भाषण)



विदर्भातला किंवा शेजारच्या मध्य प्रदेशातला माणूस गंभीर आजारी पडला की घरचे म्हणतात, "नागपूरला न्या." नागपूरला म्हणजे बहुतेक वेळा याच धंतोली-रामदासपेठेत. इथे गल्लोगल्ली दवाखाने आहेत. त्यांच्या गर्दीला आणि गाड्यांच्या रांगांना कंटाळून इथले रहिवासी हायकोर्टापर्यंत गेले, हे तुम्हाला माहीत आहेच. इतके दवाखाने असूनही ऑपरेशन झालेला माणूस पुन्हा कामाला लागतो का, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही. मला आज त्यावरच बोलायचं आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. लोक मला "मालिशवाली मॅडम" म्हणतात, म्हणून आधी थोडा खुलासा करते. फिजिओथेरपी मुख्यतः सांधे, स्नायू, तोल आणि चालणं यांवर काम करते. ऑक्युपेशनल थेरपी विचारते की या माणसाला रोज करायचं काय असतं? शर्टाची बटणं लावायची, पोळी लाटायची, मशीन चालवायची, की लिहायचं? ते काम त्याला पुन्हा करता यावं, हे आमचं उद्दिष्ट. हँड थेरपीत ही दोन्ही शास्त्रं एकत्र येतात.

हे शास्त्र आपल्या मातीत नवं नाही. 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपी शाळा सुरू केली. त्या मूळच्या अमेरिकन. लग्न करून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्येही या विषयाचं शिक्षण आणि उपचार गेली कित्येक वर्षं चालू आहेत. पण आपल्या मोहल्ल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

आता आपल्या शहरातलीच एक दुखापत घ्या. संक्रांत आली की बंदी असूनही नायलॉनचा मांजा उडतो आणि बोटं कापली जातात. बोट वाकवणारे दोन कंडरे प्रत्येक बोटात असतात, अंगठ्यात एक. तळहाताच्या रेघेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत हे दोन्ही एका अरुंद नळीतून जातात. तिथला कंडरा तुटला तर तो शिवणं कठीण, आणि शिवल्यावर जपणं त्याहून कठीण. हात अजिबात हलवला नाही तर कंडरा आजूबाजूला चिकटतो आणि बोट काठीसारखं ताठ राहतं. जोरात हलवला तर टाके तुटतात. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट लावून, ठरलेल्या मर्यादेत, दिवसातून अनेकदा बोटं हलवायची असतात. साधारण सहा आठवडे हे जपायचं. वजन उचलायला आणि घट्ट पकड करायला बारा आठवड्यांच्या आसपास परवानगी मिळते. सर्जनचं काम तासा-दोन तासांत होतं. पुढचे बारा आठवडे रुग्णाचे आणि त्याच्या घरच्यांचे असतात.

आणि नेमके तिथेच आपण हरतो. ऑपरेशनसाठी आपण दागिने मोडतो, नातेवाइकांकडून उधार घेतो. टाके निघाले की म्हणतो, झालं. थेरपीसाठी पुन्हा पुन्हा यायला रिक्षाचं भाडं लागतं, मजुरी बुडते. मग कुणी हाडवैद्याचं नाव सांगतं, कुणी तेल देतं. जोर लावून चोळलेलं बोट अजून सुजतं आणि अजून ताठ होतं.

काही अडचणी आपल्या घरांतल्या आहेत. त्या इथे नाही तर कुठे बोलणार? पाच वक्तांच्या वुजूसाठी रुग्ण दिवसातून पाच वेळा स्प्लिंट काढतात. सजद्यात मनगट मागे वाकवून त्यावर भार देतात. ताज्या शिवलेल्या कंडऱ्यावर हा ताण धोक्याचा आहे. जखमेच्या पट्टीवरून ओला हात फिरवणं, म्हणजे मसह, आणि आजारी माणसाने बसून, इशाऱ्याने नमाज पढणं, या सवलती आपल्या फिकहमध्ये शतकानुशतकं आहेत. मी रुग्णांना सांगते, हा प्रश्न माझ्याकडून ऐकू नका, आपल्या मौलानांना विचारा. बहुतेक जण विचारून येतात आणि मग स्प्लिंट काढत नाहीत. इमामसाहेबांनी जुम्म्याच्या दिवशी दोन मिनिटं एवढं सांगितलं, तर कित्येक बोटं वाचतील.

लकव्याच्या रुग्णाचंही तसंच. उजवा हात गेलेल्या वडिलांना डाव्या हाताने जेवायला लाज वाटते, म्हणून मुलगा घास भरवतो. हे प्रेमच आहे. पण मजबुरीत डावा हात वापरायला मनाई नाही, आणि उजव्याला काम मिळालं नाही तर तो शिकणार नाही. लकव्यानंतर मेंदू नव्याने शिकतो तो सरावाने, आणि पहिले काही महिने त्यासाठी सगळ्यात मोलाचे. दुसऱ्याने हात वर-खाली करणं आणि स्वतः पेला धरायचा प्रयत्न करणं, यात फार फरक आहे. आणखी एक सांगते. लकव्याच्या रुग्णाला उठवताना त्याचा कमजोर हात धरून ओढू नका. तो खांदा आयुष्यभर दुखू शकतो.

आता बायकांबद्दल. पुरुषाचा हात कापला की घर म्हणतं, कमावता हात आहे, काहीही करा. बाईचा हात कापला की दोन वेळा थेरपीला आणतात आणि तिसऱ्या वेळी ती येत नाही. फोन केला तर उत्तर मिळतं, "घर का काम कौन करेगा?" सहा आठवडे कपडे पिळायचे नाहीत, कणीक मळायची नाही, हे तिला सांगून उपयोग नसतो, ते सासूला, नवऱ्याला, मुलांना सांगावं लागतं. शिलाई मशीनवर घर चालवणारी एक बाई माझ्याकडे चार महिन्यांनी आली तेव्हा तिची दोन बोटं वळत नव्हती. तिची सुई गेली आणि तिच्या हातातला पैसाही गेला. पुरुष थेरपिस्ट नको म्हणून उपचारच बंद करणारी घरंही मी पाहिली आहेत. बाई थेरपिस्ट मागा, तो तुमचा हक्क आहे. पण नाही मिळाली म्हणून तिचा हात सोडून देऊ नका.

मग आपण करायचं काय?

पहिलं, डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. थेरपी कधी सुरू करायची? हाताने काय करायचं नाही? काम कधी सुरू करता येईल? उत्तरं कागदावर लिहून घ्या.

दुसरं, खासगी दवाखाना झेपत नसेल तर घरी बसू नका, मेडिकलमध्ये जा. आणि कुठेही गेलात तरी थेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा.

तिसरं, अपंगत्व राहिलंच तर लाज न बाळगता प्रमाणपत्र काढा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी आरक्षणासारख्या खास तरतुदी आहेत. याच कायद्याचं कलम 27 सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर पुनर्वसन सेवांची जबाबदारी टाकतं. त्या आधारावर आपण महापालिकेकडे मागणी करू शकतो की मोमिनपुरा, ताजबागसारख्या वस्त्यांतल्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस तरी थेरपिस्ट बसावा. एक खोली, एक टेबल, स्प्लिंटचं सामान आणि प्रशिक्षित माणूस, एवढ्याने सुरुवात होते.

चौथं आपल्याच हातात आहे. मोहल्ल्यात कुणाचं ऑपरेशन झालं की आपण भेटायला जातो, फळं नेतो. पुढच्या वेळी त्याला किंवा तिला थेरपीला घेऊन जायची एक फेरी आपल्या अंगावर घ्या. घरातली बाई रुग्ण असेल तर तिच्या घरी दोन वेळचा डबा पाठवा. इयादत म्हणजे यापेक्षा वेगळं काय असतं?

या सभेतून उठण्याआधी महापालिकेच्या मागणीपत्रावर सह्या करूया. कागद दारापाशी ठेवला आहे.