इंजिन आकाशात थांबते, जबाबदारी जमिनीवरची
(बेलापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ट्रॅक्टरचे इंजिन बंद पडले तर शेतकरी उतरून बांधावर बसतो. एका इंजिनाच्या विमानातील शिकाऊ वैमानिकास ती मुभा नसते. 25 जुलै 2022 रोजी बारामतीहून एकटीने उड्डाण केलेल्या 22 वर्षांच्या विद्यार्थिनीचे विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. इंजिनाची शक्ती गेल्याचे प्राथमिक वृत्त होते. ती किरकोळ जखमांवर बचावली. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने चार दिवसांत पडली, तेव्हा कोठे त्या संस्थेचे प्रशिक्षण सरकारने थांबविले.

इंजिन थांबले म्हणून विमान दगडासारखे पडत नाही. सेस्ना 152 हे विमान हजार फुटांवरून, वारा नसल्यास, सुमारे अडीच किलोमीटर तरंगत जाते. हाती सव्वा मिनिट असते. तेवढ्यात वेग राखावयाचा, सपाट रान हेरावयाचे, विजेच्या तारा टाळावयाच्या. प्रवरेकाठच्या या मुलखात उभ्या उसातून मोकळे रान शोधणे किती कठीण, हे आपणांस सांगावयास नको.

परंतु या सव्वा मिनिटाची चर्चा करून थांबणे म्हणजे सारा भार शिकाऊ मुलीवर टाकणे होय. टाकीतील इंधन अपुरे असणे, त्यात पाणी उतरणे, दमट हवेत कार्बुरेटरमध्ये बर्फ धरणे ही इंजिन थांबण्याची नेहमीची कारणे आहेत. त्यांचा बंदोबस्त बहुतांशी उड्डाणापूर्वीची तपासणी, शिक्षण आणि निगा यांनी होतो. खाजगी संस्थेची कमाई मात्र विमान हवेत असताना होते, कार्यशाळेत असताना नव्हे. म्हणून ‘आज हे विमान उडणार नाही’ असे म्हणणाऱ्या कामगाराच्या नोकरीला संरक्षण हवे. त्याचा नकार हीच पहिली सुरक्षा होय.

विमान अपघातांच्या अन्वेषणासाठी 2012 साली स्वतंत्र विभाग स्थापन झाला. दोषी ठरविणे नव्हे, तर पुनरावृत्ती टाळणे हा त्याचा हेतू. तो सफल व्हावयाचा तर प्रत्येक अहवाल वेळेवर प्रसिद्ध झाला पाहिजे आणि ज्या गावच्या रानात विमान पडले त्या गावास तो मराठीत मिळाला पाहिजे. पिकाची भरपाईही शेतकऱ्याला हेलपाटे न घालता मिळावी.

संकटात धावपट्टी होते ती शेतकऱ्याची जमीन. त्या जमिनीच्या मालकाला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. तो त्याने बजावावा, यासाठी कार्यकर्त्यांनी त्याच्या पाठीशी उभे राहावयास हवे.