गोट्या आठवतो?

वसईच्या एव्हरशाईन सिटीत गिरगाव-लालबागच्या चाळी सोडून आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. त्यांच्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांसमोर नुसतं ‘गोट्या’ म्हणा, चेहरा खुलतो!

ना. धों. ताम्हनकरांचा हा अनाथ, हुशार पोर आधी पुस्तकांत मोठा झाला आणि नव्वदच्या सुमारास मालिका होऊन मुंबई दूरदर्शनवर आला. दिग्दर्शक राजदत्त. गोट्या झाला जॉय घाणेकर, तर त्याला आपलंसं करणाऱ्या घरातली माई झाल्या मानसी मागीकर. शीर्षकगीताला चाल अशोक पत्कींची. ती तर आजही सहज गुणगुणली जाते. मालिकेतले प्रसंग मात्र पुसट झालेत.

तेव्हा मालिका बघणं हाच एक कार्यक्रम असे. टीव्हीचं लाकडी शटर सरकवायचं, पडद्यावर मुंग्या आल्या की एकानं गच्चीवर जाऊन अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे फिरवायचा, दुसऱ्यानं खिडकीतून ओरडायचं, “आलं, आलं... थांब, गेलं!” शेजारची पोरं जमिनीवर दाटीवाटीनं बसलेली.

‘गोट्या’तली माया मला फार मोलाची वाटते. परक्याच्या पोराला आपलंसं करणारं घर त्यात दिसलं, तेही उपदेशाचा डोस न पाजता. ताम्हनकरांचं पुस्तक मिळालं तर घरातल्या मुलांना रोज एक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवा.