विजेचा कारागीर आणि त्याचा परवाना

भिंतीवरचें बटण दाबतांच दिवा लागतो; पण त्या भिंतीच्या आंतून तार कोणीं ओढली, हा विचार घरांत सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. कायद्यानें मात्र तो केव्हांच केलेला आहे.

1956 च्या भारतीय विद्युत नियमांतील 45 वा नियम या बाबतींत स्पष्ट होता. दिवा, पंखा, फ्यूज, बटण अशा किरकोळ वस्तू बदलणें सोडल्यास वीजजोडणीचें काम परवानाधारक ठेकेदारानेंच करावें. त्यावर प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख असावी. आणि प्रत्यक्ष तारेस हात लावणाऱ्यापाशींहि परवाना असावा, अशी ती योजना होती. पुढें 2010 व 2023 च्या केंद्रीय विनियमांनीं तेंच तत्त्व कायम ठेविलें. महाराष्ट्रांत हे परवाने राज्य शासनाचें अनुज्ञापक मंडळ देतें. सरकारी भाषेंतील ‘तारतंत्री’ तो लोकांचा वायरमन.

परवान्यास फी आहे, मुदत आहे व मुदतीअखेर नूतनीकरणहि आहे. एकदां शिकलेली विद्या पुनःपुन्हां नवी कशाला करावयाची, असा आक्षेप कित्येक कारागीर घेतात. परंतु साधनें बदलतात, नियम बदलतात. आणि नोंदींत नांव चालू असलें म्हणजे अपघातानंतर जबाबदारी कोणाची, हें ठरवितां येतें.

तथापि सर्वांस सारखी असलेली फी सर्वांस सारखीच जड नसते. डहाणू तालुक्यांतील गंजाड हें गांव वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळें जगास ठाऊक झालें. याच तालुक्यांत 1995 सालीं 500 मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र सुरू झालें व त्याची वीज मुंबईच्या उपनगरांस मिळूं लागली. अशा गांवांतील तरुण वायरमनला फीखेरीज कागदपत्रांचा खर्च, जाण्यायेण्याचें भाडें आणि बुडालेली मजुरीहि मोजावी लागते. तेवढ्यासाठीं परवान्याची मुदत टळली, तर कुशल हातांस दुसऱ्याच्या सहीखालीं राबावें लागतें. काम एकाचें, सही दुसऱ्याची. आणि सही करणाऱ्यानें तें काम डोळ्यांनीं पाहिलेलेंहि नसेल, तर घरमालकाचें रक्षण कोणी करावयाचें?

म्हणून नियम सैल करणें हा उपाय नव्हे. विजेचा धक्का गरीब-श्रीमंत ओळखीत नाहीं. कारागिराची फी हलकी असावी, ठेकेदाराची त्या मानानें अधिक असावी, आणि नूतनीकरणाचें काम तालुक्याच्या गांवींच उरकावें, हें न्यायाचें होईल.

गृहस्थांचेंहि कांहीं कर्तव्य आहे. काम सोंपविण्यापूर्वीं त्यांनीं परवाना व त्याची मुदत पाहावी. काम संपल्यावर चांचणी मागावी: 500 व्होल्टचा दाब एक मिनिट दिला असतां तारांच्या आवरणाचा रोध निदान 1 मेगओहम भरला पाहिजे, आणि अर्थिंगची तारहि तपासली गेली पाहिजे. या तपासणीचे चार पैसे अधिक पडतील. ते घासाघीस न करतां द्यावे. वायरमनच्या पुढील नूतनीकरणाची फी अखेर त्यांतूनच भरली जावयाची असते.