सेल्फ मारला, पण ट्रॅक्टर बोलेना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मंडळी, मृगाचा पाऊस पडून गेला की वाफसा कुणासाठी थांबत नाही. काळ्या भारी जमिनीत आधी पाय रुततात, मग थोडी सवड मिळते आणि तेवढ्यात पुढचा पाऊस येतो. त्या मधल्या सवडीत पेरणी उरकायची असते. आणि नेमका त्याच सकाळी, मशागत संपल्यापासून पत्र्याखाली उभा असलेला ट्रॅक्टर चालू होत नाही. तालुक्याच्या मिस्त्रीला फोन करावा, तर त्याच्याकडे आधीच पाच-सहा नंबर लागलेले! शहरातल्या श्रोत्यांनी लगेच रेडिओ बंद करू नये. सोसायटीच्या आवारात दोन महिने उभ्या राहिलेल्या मोटारीलाही यातलं निम्मं तरी लागू पडतं.

अशा वेळी आपली सवय अशी, की सेल्फ मारत राहायचं. बॅटरी उतरेपर्यंत. त्यापेक्षा गिअर न्यूट्रलला आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, पीटीओ बंद आहे हे पाहा, एकदा चावी फिरवा आणि ऐका. इंजिन फिरतंय का, नुसतंच ‘खट्’ होतंय, की काहीच आवाज नाही? पुढचा सगळा शोध या एका उत्तरावर अवलंबून आहे.

‘खट्’ होऊन थांबत असेल किंवा ‘खटखटखट’ असा आवाज येत असेल, तर दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत असतो. दिवे लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले, तर हा अंदाज पक्का. मीटर असेल तर मोजा. चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली, तर ती बरीच उतरली आहे असं समजा. पण नवी बॅटरी आणायला धावण्याआधी टर्मिनलं बघा. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साठलेली असते, ती वीज अडवते. आधी अर्थिंगची, म्हणजे वजा खुणेची वायर सोडवा, मग दुसरी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून पूड धुवा, पॉलिश कागदाने धातू चकचकीत करा, नट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. जोडताना अर्थिंगची वायर शेवटी. तीच वायर चासीला जिथे जोडलेली असते, तो बोल्टही गंजतो. तिकडे सहसा कुणी पाहत नाही.

आता दिवे लख्ख आहेत आणि सेल्फ अगदी गप्प आहे, असं असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फ चालू नये म्हणून एक छोटा स्विच बसवलेला असतो. क्लचच्या पायाखाली चिखल वाळून बसला की तो पुरता दाबला जात नाही. चिखल खरवडून काढा, फ्यूज बघा आणि वायरी उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, तेही बघा. पत्र्याखाली कडब्याची गंजी असेल, तर उंदीर असणारच.

इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगायची आहे. स्विच चालेना म्हटल्यावर खाली उभं राहून सेल्फच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, ही युक्ती गावोगाव चालते. ठिणगी उडते, इंजिन चालू होतं आणि माणूस खूश होतो. पण तसं करताना तो उभा असतो मोठ्या चाकाच्या पुढ्यात आणि सुरक्षेचा स्विच त्याने वगळलेला असतो. गाडी चुकून गिअरमध्ये राहिली असेल, तर ती तिथल्या तिथे चालू लागते. खालच्या गिअरमधलं डिझेल इंजिन माणूस आडवा आला म्हणून बंद पडत नाही. ते चढून जातं. वर बसून हात पुरला नसता, म्हणजे आपण चुकीच्या जागी उभे आहोत, हे ओळखा. पेरणी एक दिवस लांबली तर लांबू द्या, पण ही युक्ती करू नका, मुलांनाही करू देऊ नका.

तिसरा प्रकार म्हणजे इंजिन झपाझप फिरतं, पण पेटत नाही. आता सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचतंय, पण जळत नाही. धूरच नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही. हसू नका, पण पहिल्यांदा स्टॉपर पाहा. काल बंद करताना ओढलेला तो तसाच राहिलेला असतो. मग टाकीचा कॉक. मग टाकीच्या झाकणातलं बारीक छिद्र! कुंभारमाशी तिथे माती भरते, टाकीत हवा शिरत नाही आणि इंजिन चालू होऊन मिनिटभरात दम तोडतं. झाकण सैल करून चालतंय का बघितलं, की लगेच कळतं.

टाकी पूर्ण रिकामी झाली असेल किंवा फिल्टर बदलला असेल, तर नळीत एअर धरलेली असते. फिल्टरवरचा छोटा स्क्रू थोडा ढिला करा आणि फीड पंपाचा हँड प्रायमर दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. तसंच पंपावरच्या स्क्रूला करा. फिल्टरच्या वाटीत तळाला पाणी दिसलं तर ते आधी काढा. कॅनमधून आणलेल्या डिझेलात ते हमखास असतं. ही झाली जुन्या पद्धतीच्या पंपांची गोष्ट. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, त्यानंतरच्या अनेक गाड्यांत कॉमन रेल असते. तिच्या नळ्या सोडवायला जाऊ नका. आणि गाडी जुनी असो की नवी, नोजलच्या नळीची गळती बोटाने कधीच चाचपू नका. तिथल्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं, आणि वरून नुसतं टोचल्यासारखं दिसलं तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. एवढं करूनही पेटलं नाही, तर मिस्त्रीला बोलवा. फोनवर नुसतं ‘चालू होत नाही’ असं न सांगता आवाज कसा येतो, धूर कोणत्या रंगाचा आहे, शेवटचं काय काम केलं होतं आणि गाडीचं मॉडेल व साल कोणतं, एवढं सांगा. मग तो लागणारा फिल्टर आणि वॉशर बरोबर घेऊनच निघेल.