उसने ओळखपत्र आणि दारावरचा कामगार

(जयपूर येथील अभ्यास शिबिरात मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



पब आणि बारच्या दारात होणारी वयाची तपासणी, असा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघा-तिघा साथींनी मला गाठले. पेन्शनचा प्रश्न आहे, रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, कंत्राटीकरण चालू आहे, आणि तुम्ही आम्हाला पबच्या दारात कुठे नेता, असे त्यांचे म्हणणे. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की त्या दारात उभा असतो तोही कामगारच असतो. आणि हातात कार्ड घेऊन समोरचा माणूस तोच आहे का, हे पाहण्याचे काम या देशात तिकीट तपासनीस आणि पोस्टमन यांच्याइतके दुसऱ्या कोणी केलेले नाही. तेव्हा हा विषय तुमच्याच धंद्याचा आहे.

आपल्यापैकी बरेच जण मुंबई सेंट्रल–जयपूर सुपरफास्टने आले. त्या एका रात्रीच्या प्रवासाचा हिशेब करा. गाडी सुटते तिथे, महाराष्ट्रात, बीअर आणि वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची, इतर कडक दारूसाठी २५ वर्षांची. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना हवा, तो कोणी विचारत नाही हा भाग वेगळा. पुढे सुरत, बडोदा लागते, तिथे दारूबंदी. रतलामला मध्य प्रदेशात २१. आणि कोटा, सवाई माधोपूर करत जयपूरला उतरलात की १८. म्हणजे वीस वर्षांचा मुलगा बोरिवलीला गुन्हा करतो आणि जयपूरला सज्ञान ग्राहक होतो. दिल्लीला आणखी पुढे गेला तर पुन्हा अज्ञान, कारण तिथे २५ ची अट. केंद्राने एक वय ठरवावे असे मी म्हणत नाही, तो विषय घटनेने राज्यांकडे दिला आहे. पण दारावरच्या माणसाने कोणता आकडा लक्षात ठेवायचा आणि बाहेरगावाहून आलेल्या पोरांना तो कसा पटवायचा, एवढा तरी विचार करा.

या जयपूर शहरातच पाहा. सी-स्कीममध्ये, एम. आय. रोडच्या आसपास हॉटेले आणि बार उभे आहेत. राजस्थानात दारूची दुकाने रात्री आठला बंद करण्याचा नियम २००८ साली आला, तेव्हा उशिराचा ग्राहक बारकडेच वळणार. आणि तिकडे गोपालपुरा बायपासला कोचिंग क्लास आहेत. सोळा-सतरा वर्षांची मुले आणि एकोणीस-वीस वर्षांची मुले तिथे वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहतात. एकाचे कार्ड दुसऱ्याच्या खिशात जायला किती वेळ लागतो? कपडे, चप्पल, मोटारसायकल उसनी घेतात, तसेच वयही उसने घेतात.

आपल्या गाडीत याच्या उलट चालते. तिथे बाप बारा वर्षांच्या पोराला दहाचा सांगतो, हाफ तिकिटासाठी. पोरगा खिडकीतून मिसरूड दाखवत बसलेला असतो! एप्रिल २०१६ पासून स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पाच ते बारा वयाच्या मुलाचेही पूर्ण भाडे घेण्याचा नियम झाला, तेव्हा हा खेळ थोडा कमी झाला. गाडीत वय खाली ओढायचे आणि बारच्या दारात वर ढकलायचे. दोन्हीकडे तपासणाऱ्याला मूर्ख समजले जाते.

आता नीट लक्ष द्या. खोटे कार्ड आणि उसने कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकावर तारीख बदलून छापलेले आधार यंत्राला पकडता येते. त्यावरचा क्यूआर कोड वाचला की खरी जन्मतारीख आणि फोटो पडद्यावर येतो. पण उसने कार्ड खरेच असते. कोड खरा, तारीख खरी, फक्त माणूस दुसरा. यंत्र म्हणते, ठीक आहे. तिथे उपयोगी पडतो तो पाहणारा डोळा. त्यात आधारवरचा फोटो बहुधा पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने दिले तेव्हाचा असतो. पंधराचा चेहरा आणि विशीतला चेहरा यांत आई फरक करील, रात्री अकरा वाजता रंगीत दिव्याखाली उभा असलेला पहारेकरी कसा करणार?

याचे उत्तर तुमच्यापाशी आहे. १ डिसेंबर २०१२ पासून सर्व आरक्षित वर्गांत ओळखपत्र सक्तीचे झाले आणि तपासनिसांना ही विद्या शिकावी लागली. मुरलेला तपासनीस 'हे तुमचेच का' असे कधी विचारत नाही. तो कार्ड स्वतःच्या हातात ठेवतो आणि सहज विचारतो, दहावी कोणत्या साली झालात? उसने कार्ड घेऊन आलेल्याने जन्मतारीख पाठ केलेली असते, पण तिच्यावरून दहावीचे साल काढायला त्याला क्षणभर थांबावे लागते. त्या क्षणात कळते. पोस्टमनची रीत आणखी जुनी. मनीऑर्डर ज्याच्या नावाची त्याच्याच हाती द्यायची, ओळख नसेल तर ओळखीचा साक्षीदार उभा करायचा. ही कौशल्याची कामे आहेत. ती कोणी पगारात धरली नाहीत, ही आपली जुनी तक्रार आहेच.

ओघात एक सांगतो. आधारवरची जन्मतारीख हा वयाचा निर्णायक पुरावा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या खटल्यात आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला, आणि भविष्यनिर्वाह निधी संघटनेने त्याच वर्षी जानेवारीत जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढले. अर्थात आपल्या पिढीच्या दाखल्यांची कथा वेगळी. या सभागृहात १ जून ही जन्मतारीख असलेल्यांनी हात वर करा म्हटले तर मास्तरांच्या कृपेने निम्मे हात वर होतील.

पुण्याचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोघांना उडवले. दोघेही चोवीस वर्षांचे इंजिनिअर होते, मध्य प्रदेशातून पुण्यात पोटापाण्यासाठी आलेले. त्याआधी तो मुलगा मित्रांबरोबर दोन ठिकाणी गेला होता आणि पहिल्या ठिकाणचे बिल ४८ हजार रुपये झाले होते, असे पोलीस आयुक्तांनी सांगितले. तीनशे शब्दांच्या निबंधावर देश हसला आणि चिडला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. पण मला इथे त्या दाराकडे पाहायचे आहे. एवढे मोठे बिल भरणाऱ्या टोळक्यातल्या मुलाला 'बाळ, कार्ड दाखव' असे म्हणण्याची ताकद तिथल्या कोणत्या वेटरमध्ये असणार? म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी राहिली असती का? अटका झाल्या तेव्हा त्यांत पगारी व्यवस्थापकही होते. मालकाच्या बाजूची माणसेही धरली गेली, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

त्यानंतर सात आठवड्यांनी मुंबईत वरळीला. ७ जुलै २०२४ ची पहाट. ससून डॉकवरून मासे घेऊन स्कूटरने परतणारे कोळीवाड्यातले जोडपे, मागून बीएमडब्ल्यू. बाई गेली. आरोपी पंचविशीच्या आतला, आणि आदल्या रात्री जुहूच्या एका बारमध्ये त्याला कडक दारू दिल्यावरून राज्य उत्पादन शुल्क खात्याने त्या बारवर कारवाई केली. बारच्या बाजूने वृत्तपत्रांत असे आले की त्याने दाखवलेल्या ओळखपत्रावर वय २७ होते. खरेखोटे न्यायालय पाहील. पण हा बचाव ध्यानात घ्या. 'आम्ही कार्ड पाहिले' एवढे म्हटले की मालकाचे काम झाले, आणि पाहणारा कोण होता, त्याला काय शिकवले होते, हा प्रश्न तसाच राहतो. कोळीवाड्यातल्या त्या घराला या कार्डाची किंमत मोजावी लागली.

कायदा काही मवाळ नाही. बालन्याय कायदा, २०१५, कलम ७७ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली दुसऱ्याची बतावणी करून फसवणे हा पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, आणि जाणूनबुजून कार्ड देणाराही त्यात अडकू शकतो. पण कलम ७७ मधला 'देणारा' हा शब्द पाहा. ग्लास टेबलावर ठेवणारा हात कोणाचा? वेटरचा. सात वर्षे त्याच्या डोक्यावर टांगलेली, आणि त्याला महिन्याचा पगार वेळेवर मिळेल याची खात्री नाही.

आता तुलना करा. गाडीत एखादा पुढारी तपासनिसाला म्हणतो, मी कोण आहे ते तुला ठाऊक नाही. तपासनीस काय करतो? त्याच्या मागे १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४६ उभे आहे, रेल्वे नोकराच्या कामात अडथळा आणणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. तो लोकसेवक आहे. त्याची नोकरी कायम आहे आणि मागे युनियन आहे. कोणाचे तिकीट वापरून दुसराच प्रवास करत असेल तर कलम १४२ आहे. म्हणून तो नाही म्हणू शकतो. बारच्या दारातला बाउन्सर एजन्सीचा असतो, एजन्सी मालकाची असते आणि मालक ग्राहकाचा असतो. त्याच्या 'नाही'ला कोणी जामीन नाही.

नाही म्हणण्याची किंमत काय असू शकते हे दिल्लीने २९ एप्रिल १९९९ च्या रात्री पाहिले. मेहरौलीतल्या त्या मेजवानीत जेसिका लाल दारू वाटपाचे काम करत होत्या. बार बंद झाला, आता मिळणार नाही, एवढेच त्या म्हणाल्या. तिथे वयाचा प्रश्न नव्हता, पण काम तेच, नियम सांगण्याचे. त्यांना गोळी घातली गेली. २००६ च्या फेब्रुवारीत आरोपी सुटले, त्याच डिसेंबरात उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला जन्मठेप दिली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अकरा वर्षे लागली. आपण त्यांची आठवण मॉडेल म्हणून ठेवतो. त्या रात्री त्या कामावर होत्या, हे आपण कामगारांनी तरी विसरू नये.

इंग्लंडमध्ये कायद्याचे वय १८ आहे, पण दुकानदारांनी आणि बारवाल्यांनी 'चॅलेंज २५' नावाची रीत धरली आहे. पंचविशीच्या आतला दिसेल त्या प्रत्येकाला कार्ड मागायचे. सर्वांनाच विचारल्यामुळे कोणाचा अपमान होत नाही आणि नोकराला अंदाज करावा लागत नाही. दारावरच्या पहारेकऱ्याला तिथे २००१ च्या कायद्याप्रमाणे स्वतःचा परवाना असतो, प्रशिक्षणानंतर मिळालेला. आपल्याकडे खासगी सुरक्षा एजन्सींचा २००५ चा कायदा आहे, त्यात परवाना एजन्सीला. महाराष्ट्राने मात्र १९८१ सालीच सुरक्षारक्षकांचे मंडळ स्थापण्याचा कायदा केला, माथाडींच्या धर्तीवर. मंडळाचा नोंदणी झालेला रक्षक मालकाच्या लहरीवर घरी पाठवता येत नाही. बार आणि पबच्या दारात मंडळाचाच रक्षक हवा, ही मागणी महाराष्ट्रातल्या आपल्या शाखांनी सरकारकडे का करू नये? राजस्थानातल्या साथींनी असे मंडळच मागावे.

आणखी एक गोष्ट, विशेषतः भगिनींसाठी. काही ठिकाणी तपासणीच्या नावाखाली मुलींच्या आधार कार्डाचे फोटो मोबाइलवर काढून ठेवतात. पत्ता, क्रमांक, चेहरा, सगळे एका अनोळखी माणसाच्या खिशात. टपाल कामगाराला पत्त्याची गुप्तता म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. कार्ड पाहायचे आणि परत द्यायचे. फोटो काढू देऊ नका, आधारऐवजी वाहन परवाना दाखवा किंवा क्रमांक झाकलेले आधार दाखवा, हे आपल्या मुलींना सांगा.

आणि मुलांना? थोरल्याचा परवाना धाकट्याच्या पाकिटात आपल्या क्वार्टरमध्येही सापडतो. त्याला मी कोर्टाची भीती घालणार नाही. त्याला एवढेच सांगा की कार्ड उसने घेऊन आत गेलास, पुढे काही घडले, तर पहिली जबानी दारावरच्या त्या माणसाची होईल. तो बहुधा तुझ्याच वयाचा, बारा तासांच्या पाळीवर उभा असेल.

हॉटेल आणि बार कामगारांची संघटना बांधण्याचे काम जयपूरमध्ये कोणी हाती घेतले तर आपल्या स्थानिक कार्यालयाची खोली त्यांना संध्याकाळी वापरायला द्यावी, असा ठराव मी दुपारच्या सत्रात मांडणार आहे. त्यांच्या सभा रात्रपाळीमुळे चार वाजताच घ्याव्या लागतील, तेव्हा किल्ली कोणाकडे ठेवायची ते जयपूरच्या साथींनी आत्ताच ठरवून ठेवावे.