संमतीची खिडकी

(न्यासाच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



व्याख्यानाचा विषय रोजच्या व्यवहारातला असावा, असे कार्यवाहांनी सुचविले होते. म्हणून आम्ही तो आपल्या हातातलाच घेतला आहे. मोबाइलवर एखादी बातमी वाचावयास जावे, तर मजकुराच्या आधी एक चौकट आडवी येते. ‘आम्ही आपल्या गोपनीयतेचा आदर करतो’ असे ती म्हणते. खाली ठळक रंगात ‘सर्व स्वीकारा’ आणि शेजारी फिकट, बारीक अक्षरांत ‘पर्याय पाहा’. पर्याय पाहू गेल्यास आणखी एक पान, त्यावर वीसपंचवीस कळा, आणि ‘आमचे भागीदार’ या शब्दाखाली शेकडो कंपन्यांची यादी. बातमी होती चार ओळींची. मनुष्य कंटाळून ‘सर्व स्वीकारा’ दाबतो आणि मोकळा होतो. आदर करणाऱ्या यजमानाने पाहुण्यास दारातच अडवून अंगठा का घ्यावा, हे कोणी विचारीत नाही.

चौकटीत ‘कुकी’ असा शब्द येतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर आपणांस बिल्ला मिळतो, तशी ही कुकी असते. पूर्वी संकेतस्थळाला स्मरणशक्ती नव्हती. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला मनुष्य त्याला पुन्हा अनोळखीच वाटे. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुणाने यावर तोड काढली. संकेतस्थळाने आपल्या यंत्रावर एक लहानशी चिठ्ठी ठेवावी, आणि पुढच्या खेपेस ती पाहून आपणांस ओळखावे. खरेदीच्या टोपलीत काय घातले, बँकेच्या स्थळावर आपण आत आहो की बाहेर, हे अशाच चिठ्ठीने कळते. याला कोणाचीच हरकत नाही. कामापुरत्या अत्यावश्यक कुकीसाठी युरोपच्या कायद्यानेही संमती मागितलेली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल.

हरकत आहे ती दुसऱ्या प्रकाराला. आपल्या बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवून ग्रंथालयांची व्यवस्था लावली, हे येथे सर्वांस ठाऊक आहे. ग्रंथपाल वहीत लिहून ठेवतो की अमक्याने अमके पुस्तक नेले. पुस्तक परत यावे यासाठी ती नोंद हवीच. परंतु समजा, ग्रंथालयाच्या प्रत्येक कपाटामागे एका परक्या व्यापाऱ्याचा माणूस लपला आहे. तोच माणूस औषधाच्या दुकानात, वाण्याकडे आणि डॉक्टरांच्या ओसरीवरही उभा आहे, आणि रात्री या सगळ्यांच्या वह्या एकत्र जुळविल्या जात आहेत. आपण मधुमेहावरचे पुस्तक चाळले, मग साखरेऐवजी दुसरे काही घेतले, मग दवाखान्याची वेळ विचारली. इतके कळले की पुरे. परक्या जाहिरात कंपन्यांच्या कुकी हेच काम करतात. आपण पान उघडतो आणि ते डोळ्यांपुढे येईपर्यंतच्या क्षणार्धात, या गिऱ्हाइकास जाहिरात कोणी दाखवावी याचा लिलाव होऊन गेलेला असतो. लिलावात बोली न जिंकणाऱ्यांच्या हातीही आपली माहिती जाते, ती जातेच.

युरोपीय संघाने हे थांबविण्याचा प्रयत्न पुष्कळ आधी आरंभिला. 2002 मध्ये एक निर्देश निघाला. 2009 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन, अनावश्यक कुकी ठेवण्यापूर्वी संमती घ्यावी असे ठरले. 25 मे 2018 पासून माहिती संरक्षणाचा मोठा कायदा लागू झाला. संमती स्वखुशीची, स्पष्ट आणि समजून दिलेली हवी, आणि ती परत घेणे देण्याइतकेच सोपे हवे, असे त्यात आहे. मोडणाऱ्यास 2 कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या 4 टक्के, यांपैकी जे अधिक होईल तेवढ्यापर्यंत दंड. आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपच्या न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये दिला. कागदावर याहून अधिक काय हवे होते?

कायदा आला, तसा त्यास वळसा घालण्याचा धंदाही आला. चौकटी तयार करून विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. 2020 मध्ये काही संशोधकांनी इंग्लंडातील प्रमुख संकेतस्थळांवरच्या अशा चौकटी तपासल्या. कायद्याच्या किमान अटींस उतरणाऱ्या चौकटी जेमतेम 12 टक्के भरल्या. ‘नाकारा’ ही कळ पहिल्या पानावरून उचलून आत ठेवली, की होकार देणाऱ्यांचे प्रमाण शेकडा बावीस-तेवीसने वाढते, असेही त्यांना दिसले. म्हणजे होकार माणसाच्या मनातून येत नव्हता, कळ कोठे ठेवली आहे त्यावरून येत होता. आम्हांस तर हा आकडा त्या सगळ्या चौकटींवरचा निकालच वाटतो.

मग कायद्याचे रखवालदार काय करीत होते? बड्या अमेरिकन कंपन्यांनी आपली युरोपातील मुख्य ठाणी डब्लिनला मांडलेली आहेत. नव्या कायद्यान्वये ठाणे जेथे, तेथील प्राधिकरणाने पुढाकार घ्यावयाचा. त्यामुळे जर्मनीतील वा ऑस्ट्रियातील नागरिकाची तक्रार आयर्लंडच्या दाराशी जाऊन पडे आणि वर्षानुवर्षे तेथेच राही. आयर्लंडने काहीच केले नाही असे नाही. मे 2023 मध्ये माहिती अमेरिकेस पाठविल्याबद्दल मेटा कंपनीस त्यांनी 120 कोटी युरो दंड केला. परंतु गाडी हळू, हा आक्षेप तेथील लोकांनीच वारंवार घेतला आहे. व्हिएन्नाचे वकील मॅक्स श्रेम्स यांच्या संस्थेने मे 2021 मध्ये फसव्या चौकटींबद्दल पाचशेहून अधिक कंपन्यांस तक्रारीचे मसुदे धाडले आणि महिन्याची मुदत दिली. कित्येकांनी थोडीबहुत दुरुस्ती केली. तरीही ऑगस्टमध्ये प्राधिकरणांकडे 422 तक्रारी नोंदवाव्या लागल्या. जे काम सरकारी रखवालदाराने करावयाचे, ते एका खाजगी संस्थेस करावे लागले.

एका ठिकाणी मात्र रखवालदार जागा होता. कुकीचा नियम जुन्या निर्देशातला असल्यामुळे त्यासाठी डब्लिनची वाट पाहावी लागत नाही, हे फ्रान्सच्या प्राधिकरणाने हेरले. डिसेंबर 2020 मध्ये त्यांनी गूगलला 10 कोटी आणि अ‍ॅमेझॉनला 3 कोटी 50 लाख युरो दंड केला. जानेवारी 2022 मध्ये पुन्हा गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी. कारण साधे होते. होकारास एक टिचकी पुरत होती आणि नकारास अनेक लागत होत्या. तीन महिन्यांत सुधारा, नाहीतर त्यापुढे प्रत्येक दिवसास एक लाख युरो, असेही बजावले. आणि काय आश्चर्य! एप्रिल 2022 मध्ये गूगलने युरोपासाठी ‘सर्व नाकारा’ ही कळ आणली. वर्षानुवर्षे जे तांत्रिकदृष्ट्या जमत नव्हते, ते तीन महिन्यांत जमले. त्याच गूगलला सप्टेंबर 2025 मध्ये फ्रान्सने कुकींच्या आणि टपालपेटीतील जाहिरातींच्या कारणाने 32 कोटी 50 लाख युरो दंड केला, हेही सांगितले पाहिजे. मोठ्या दुकानाला दंड हाही एक खर्चाचा रकाना होऊन बसतो.

यावर एक उपाय पूर्वी निघाला होता. ‘माझा माग काढू नका’ असे ब्राउझरमध्ये एकदाच लिहून ठेवावे, म्हणजे प्रत्येक दारात सांगावयास नको. उपाय चांगला होता, पण त्यामागे कायद्याची काठी नव्हती. संकेतस्थळांनी तिकडे लक्ष दिले नाही, आणि त्याचे काम पाहणारा गट जानेवारी 2019 मध्ये मोडला. युरोपीय आयोगाने नोव्हेंबर 2025 मध्ये जवळपास हीच कल्पना, या खेपेस कायद्याच्या प्रस्तावात, पुन्हा मांडली. सोळा वर्षे लोकांची बोटे झिजविल्यावर ती सुचली.

आता आपल्या देशाकडे वळू. खाजगीपणा हा मूलभूत हक्क होय, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि संमतीविषयीची मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची असे ठरले. म्हणजे निकालापासून अंमलापर्यंत जवळजवळ दहा वर्षे.

या कायद्यात आपणां बृहन्महाराष्ट्रातील लोकांस उपयोगी अशी एक तरतूद आहे. माहिती का घेतली जाते याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. त्या बावीस भाषांत मराठी आहे, आणि कलमाने राज्याची अट घातलेली नाही. बडोद्यास, इंदुरास वा हैदराबादेस राहणाऱ्या आजींना ही सूचना मराठीत मागता येईल. ती मराठी समजेल अशी असेल की नाही, हे बँकांच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्यांनी सांगावे!

उणिवाही आहेत. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याचे नुकसान झाले त्यास त्यातून एक पै नाही. तक्रार आधी त्या कंपनीकडेच करावयाची, मग मंडळाकडे, आणि मंडळाच्या नेमणुका केंद्र सरकारच्या हाती. उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्यास नागरिकासच 10,000 रुपयांपर्यंत दंड. आधीच बुजणारा मनुष्य हे वाचून तक्रारीच्या वाटेस जाईल, असे आम्हांस वाटत नाही.

परंतु या कायद्यातील एका शब्दाने आमचे लक्ष वेधले. माहिती घेणाऱ्यास तेथे ‘फिड्युशियरी’ म्हटले आहे. त्यास मराठी शब्द विश्वस्त! पहिल्या रांगेत बसलेल्या मंडळींस या शब्दाचा भार सांगावयास नको. 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली आपण न्यासाच्या जमिनीचा एक तुकडाही धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकू शकत नाही. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. लाभार्थ्याने कोठेतरी अंगठा दिला होता, असे सांगून विश्वस्त सुटत नाही. विश्वास टाकणाऱ्याने रोज पहारा द्यावयाचा नसतो. तो पहारा घेणाऱ्यावर असतो, आणि घेणाऱ्यावर पाहणारा अधिकारी असतो. माहितीच्या कायद्याने शब्द आपला घेतला आणि पहारा मात्र मोबाइल धरणाऱ्याच्या आंगठ्यावर सोपविला. आमचा सगळा आक्षेप एवढाच आहे.

हे सांगण्याचे तातडीचे कारण असे की, महोत्सवानिमित्त आपल्या न्यासाचे संकेतस्थळ तयार होत आहे. शिष्यवृत्ती, वैद्यकीय साहाय्य आणि वधूवर नोंदणी यांचे अर्ज त्यावर येणार. नमुना आम्ही पाहिला, सुरेख आहे. त्यावरही ती चौकट आहे. करणाऱ्या तरुणास विचारले, तेव्हा त्याने सरळ सांगितले की भेटी मोजण्याचे फुकट साधन एका मोठ्या कंपनीचे आहे, चलच्चित्रे दुसरीची, वाटून घेण्याच्या कळा तिसरीच्या. त्यांच्या कुकी येतात म्हणून चौकट. त्याचा दोष नाही, सर्वत्र असेच करतात.

आता विचार करा. डायालिसिसच्या साहाय्याचे पान एखाद्या घरातून रात्री अकरा वाजता तीनदा उघडले गेले, हे कोणास कळावे? अमेरिकेत गुडआरएक्स या औषधांच्या सवलतीच्या कंपनीने लोकांच्या आरोग्याची माहिती फेसबुक, गूगल यांच्याकडे जाऊ दिली, म्हणून फेब्रुवारी 2023 मध्ये तिजवर 15 लाख डॉलर दंड बसविण्यात आला. ती नफ्यासाठी चालणारी कंपनी होती. आपल्या न्यासाने साहाय्य घेणाऱ्यांची नावे पंचाहत्तर वर्षांत एकदाही वार्षिक अहवालात छापली नाहीत. रक्कम छापतो, संख्या छापतो, नाव नाही. वर्गणीदारांनी आग्रह धरला तेव्हाही नाही. साहाय्याची वही कार्यवाहांच्या कुलपात असते. ती वही आपण स्वतः नेऊन चौघांच्या हाती द्यावयाची, आणि वर विधवेच्या मुलाकडून ‘सर्व स्वीकारा’ दाबून घ्यावयाचे, हे आम्हांस मुळीच पटत नाही.

मार्ग अवघड नाही. गिटहब या संगणकतज्ज्ञांच्या प्रसिद्ध स्थळाने डिसेंबर 2020 मध्ये अनावश्यक कुकी काढून टाकल्या आणि त्याबरोबर चौकटही काढली, कारण विचारण्यासारखे काही उरलेच नाही. आपणही तसे करावे. भेटी किती झाल्या हे आपल्याच सर्व्हरच्या नोंदींवरून, कोण आला हे न पाहता, मोजता येते. देणगीदारांस दाखवावयास तेवढे पुरे, असे आमचे खजिनदारांस नम्र सांगणे आहे. चलच्चित्रे पानात न बसविता त्यांचा नुसता दुवा द्यावा. वधूवरांची छायाचित्रे नोंदणी केलेल्या कुटुंबांपुरती ठेवावी आणि विवाह ठरताच काढावी. वैद्यकीय अर्जांसोबतचे डॉक्टरांचे कागद हिशेबतपासणीस लागतील त्याहून अधिक दिवस ठेवू नयेत. हे सर्व मराठीत आणि गुजरातीत, एका पानावर, चष्म्यावाचून वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे. ज्यांस मोबाइल नको, त्यांच्यासाठी कचेरीतला कागदी अर्ज चालू राहावा.

ही सूचना आम्ही कार्यवाहांकडे लेखी दिली आहे. सर्वसाधारण सभेपुढे ती येईल, तेव्हा त्या तरुणासही बोलवावे. नमुन्यात फेरफार करण्यास किती दिवस लागतील, असे आम्ही त्यास विचारले होते. तो म्हणाला, ‘काका, काढायचंच आहे ना? दोन दिवस पुरे.’