एका विसर्जित संघाची हकीकत



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर उभे राहण्याची विद्यार्थिदशेत मला भीती वाटे. आज त्यांच्या नावाने उभा आहे, तरी ती पुरती गेलेली नाही. ते आम्हांला हॉकी शिकवीत. ग्वाल्हेरात हॉकी म्हटले की कॅप्टन रूपसिंह आठवतात. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४ विरुद्ध १ असे हरविले, त्यांतले १० गोल त्यांचे. त्या अमेरिकेत खरी लोकप्रिय हॉकी मात्र निराळी, बर्फावरची. तिच्यातल्या एका विसर्जित संघाची हकीकत मी आज सांगणार आहे. ती गुरुजींपर्यंत कशी पोहोचते, हे शेवटी कळेल.

पोलादाच्या व्यवसायातील नोकरीमुळे मी काही वर्षे पेनसिल्व्हेनियात होतो. तेथे डोंगरांच्या बेचक्यात, दोन नद्यांच्या संगमावर जॉन्सटाउन नावाचे गाव आहे. १८५२ मध्ये तेथे कँब्रिया लोखंड कंपनी स्थापन झाली. ३१ मे १८८९ रोजी वरच्या अंगाचे धरण फुटून गावात २,२०९ माणसे दगावली. गाव पुन्हा उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर हुतात्मा सैनिकांचे स्मारक म्हणून गावाने पुतळा न उभारता बर्फाचे क्रीडागृह बांधले. १९५० मध्ये ते उघडले आणि त्याच वर्षी ‘जॉन्सटाउन जेट्स’ हा संघ तेथे खेळू लागला.

हा संघ दुय्यम लीगमधला. ‘दुय्यम’ या शब्दाने आपली फसगत होऊ नये. १९६७ पर्यंत सर्वोच्च अशा नॅशनल हॉकी लीगमध्ये अवघे ६ संघ होते. म्हणजे साऱ्या उत्तर अमेरिका खंडात वरच्या पंगतीला जेमतेम सव्वाशे पाने मांडलेली. उरलेल्या गुणी खेळाडूंनी जावे कोठे? ते अशा गिरणगावांत येत, हिवाळाभर बसगाडीतून गावोगाव हिंडत आणि तुटपुंज्या मानधनावर खेळत. डिक रोबर्जसारखा कॅनडातून आलेला खेळाडू वर्षानुवर्षे जेट्सकडून खेळला आणि पुढे त्यांचा प्रशिक्षकही झाला. १९६०, १९६१ आणि १९६२ अशी सलग तीन वर्षे या संघाने ईस्टर्न लीगचे अजिंक्यपद मिळविले. १९७३ मध्ये ती लीग फुटली. तिच्यातून निघालेल्या नॉर्थ अमेरिकन लीगचे अजिंक्यपदही जेट्सने १९७५ मध्ये पटकाविले.

याच सुमारास नेड डाउड हा तरुण जेट्सकडून खेळत होता. संघ विकायला निघाल्याची कुणकुण त्याला लागली. त्याची बहीण नॅन्सी लेखिका. तिने विचारले, “तुमच्या संघाचा मालक कोण?” त्याला सांगता येईना. ज्याच्या हाती आपले भवितव्य, त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, या एका गोष्टीतून तिची पटकथा जन्मली. ‘स्लॅप शॉट’ हा चित्रपट बराचसा जॉन्सटाउनमध्येच चित्रित झाला. पॉल न्यूमन नायक होता. चित्रपटात गावाची गिरणी बंद पडायला आलेली आहे, आणि संघ प्रेक्षक खेचण्यासाठी बर्फावर मारामाऱ्या करीत सुटतो. त्यातील दांडगाईखोर हॅन्सन बंधू जेट्समधल्या कार्लसन भावांवरून बेतलेले. जेफ आणि स्टीव्ह या दोघा भावांनी त्या भूमिका स्वतःच केल्या. तिसरा भाऊ जॅक वरच्या संघात गेल्यामुळे त्याची जागा जेट्सच्याच डेव्ह हॅन्सनने घेतली.

फेब्रुवारी १९७७ मध्ये चित्रपट झळकला आणि लोक पोट धरून हसले. तो हंगाम संपताच लीग विसर्जित झाली. जुलैमध्ये गावाला पुन्हा महापूर आला. ऐंशीच्या वर माणसे गेली. जेट्स पुन्हा बर्फावर उतरले नाहीत. पोलाद कारखानाही ओसरत गेला. १९८३ च्या आरंभी गावात शंभरांतले चोवीस कामकरी बेकार होते. १९९२ मध्ये बेथलेहेम स्टील कंपनीने तेथला गाशा गुंडाळला. त्याच साली आपल्या बिर्लानगरातील जे. सी. मिल बंद पडली. तेव्हा ते दुःख तुम्हांला वेगळे समजावून सांगायला नको.

१९८८ मध्ये जॉन्सटाउनला पुन्हा संघ मिळाला. त्याचे नाव ‘जेट्स’ ठेवले नाही, तर चित्रपटातल्या काल्पनिक संघावरून ‘चीफ्स’ ठेवले. २०१० मध्ये तोही गाव सोडून गेला. सत्तावीस हंगाम खरोखर खेळलेल्या माणसांचे नाव मागे पडले आणि पडद्यावरच्या संघाचे नाव खऱ्या खेळाडूंच्या अंगावर चढले. मी पटकथालेखिकेला दोष देत नाही. तिने गावाचे दुःख जाणले होते. पण प्रेक्षकांनी त्यातून मारामारी तेवढी उचलली. रात्रभर बसमध्ये पेंगून सकाळी सरावाला उभे राहणारा खेळाडू कोणी लक्षात ठेवला नाही, कारण त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

मित्रहो, हा अन्याय करायला चित्रपटच लागतो असे नाही. उशिरा येणाऱ्या मुलाला गुरुजी हॉकीची काठी डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावीत. हा किस्सा मी चाळीस वर्षे साभिनय सांगत आलो. त्यांच्या शोकसभेतही सांगितला आणि सभा हसली. सभा संपल्यावर काकू जवळ आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “घरात सुतळीचे गुंडे आणि सरसाचा डबा अजून तसाच आहे. कोणाला उपयोग असेल तर घेऊन जा.”

तेव्हा मला आठवले. आम्ही मोडलेल्या काठ्या सोमवारी दुरुस्त होऊन कोनाड्यात उभ्या असत. त्या कोण दुरुस्त करी, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. तो डबा आज माझ्या घरी आहे, आणि तो फेऱ्यांचा किस्सा मी आता सांगत नाही. आज सांगितला, तो या डब्याची गोष्ट पुरी व्हावी म्हणून.